टाचणी

बासोवित्साच्या पठारावर बोरा सुटतो
तेव्हा रस्त्याकडेचे फलक आडवे होतात.
सिंक्रोट्रॉनच्या गोल इमारतीत मात्र
प्रकाश आपल्या रेषेवरून केसभर ढळत नाही.
मार्च. रात्रीचे दोन. खाली त्रिएस्ते बंद.
आत मी आणि बीमलाइन सांभाळणारा झ्वोनको,
दोघांत दोन मीटर, मधे गार झालेली कॉफी,
आणि नायट्रोजनच्या थंड झोतात
इवल्याशा फासात धरलेला एक स्फटिक.

स्फटिक म्हणजे एकाच कात्रीच्या
अब्जावधी प्रती, ओळीत लावलेल्या.
विषाणू पेशीत शिरतो
आणि आपली अवजारं एकाच लांब धाग्यात ओवून घेतो.
धागा कापला नाही तर सगळं फुकट.
ही कात्री तो अकरा ठिकाणी कापते :
ग्लुटामिन दिसलं, की त्याच्या पुढे, कच्.
तिचं एकटं पातं चालत नाही.
दोन जुळे रेणू एकमेकांना बिलगले
तरच धार येते.

हे मी आईला फोनवर सांगितलं.
आई, नेरीना, एकोणऐंशीची,
मुज्जाच्या वृद्धाश्रमात, दुसरा मजला, खिडकीत बोटी.
चाळीस वर्षं जहाजांवरच्या अधिकाऱ्यांचे कोट बेतले तिनं.
"मग ठोकून मोडा की."
"तिथं हात पोचत नाही, आई."
बराच वेळ नुसता तिचा श्वास.
"एकदा कापडात टाचणी राहिली होती.
गडद निळा कोट, कप्तानाचा.
कात्रीनं घास घेतला नि तिथंच अडली.
कापड ओळखीचं होतं ना,
म्हणून तर तिनं तोंड उघडलं."

त्या रात्री वहीत एवढंच लिहिलं :
कापड ओळखीचं हवं.

मग तसंच बेतत गेले.
ग्लुटामिनची नक्कल करणारं एक छोटं कडं,
त्याच्या शेजारी, तेलकट खोबणीत बसेल असं टोक,
आणि नेमकं जिथं ती चावते तिथं टाचणी,
जिला एकशे पंचेचाळिसाव्या जागेवरचं गंधक
धरेल, आणि सहजी सोडणार नाही.
एकसष्ट रेणू केले.
काही विरघळलेच नाहीत.
काही विरघळले आणि भलतीकडेच रमले.
एकाला नुसता वास होता, सडक्या सफरचंदांचा,
झ्वोनको म्हणाला, ह्यानं विषाणू नाही, मी मरेन.

सदतिसावा.
पहाटे चारला पडद्यावर निळी जाळी उमटली,
गंधकापासून माझ्या रेणूपर्यंत
सलग, मधे कुठंही न तुटता.
झ्वोनको काही बोलला नाही.
खुर्ची जरा पुढे ओढली फक्त,
दोन मीटरचे दीड झाले.

"अडली?" आईनं विचारलं.
"काचेत अडली."
"काचेत कोण आजारी आहे?"

तिच्या मजल्यावर एप्रिलमध्ये तीन खाटा रिकाम्या झाल्या.
एक लिव्हियाची, जिच्याशी आई
पत्त्यांत लबाडी करायची.
सदतिसावा पेशीच्या भिंतीशीच थबकला,
जो थोडा आत गेला
तो उंदराच्या यकृतानं वीस मिनिटांत चावून टाकला.
मी अहवाल लिहिला. शेवटचा तक्ता दोनदा तपासला.

पुढे दुसऱ्या देशात, दुसऱ्यांच्या हातून
गोळी झाली.
आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात
मी तिचं खोकं उलटसुलट करून पाहिलं,
मनातल्या मनात तिची रचना काढली :
कडं जवळपास तेच. टाचणी वेगळी.
मत्सर वाटला का? वाटला.
मग मागचा माणूस खोकला, मी बाजूला झाले.

आई आता शिवत नाही. कात्री तिनं मला दिली,
जड, काळ्या मुठीची,
पात्यावर टोकापासून दोन बोटं मागे एक खाच.
तिनं कधी ती घासून घेतली नाही.
पडदे कापताना मला कळतं,
दर वेळी तिथं एक दोरा
न कापता मागे राहतो.